घाटाखालची वाम

२०२४ च्या मे महिन्यात धरण उणे पन्नासच्या पुढं गेलं आणि आमच्या जुन्या गावाचा घाट उघडा पडला.

शहरातल्या वाचकाला हे उणे म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. उजनी धरण पुरतं भरलं की ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं तळाचं ६३ टीएमसी म्हणजे मृतसाठा. पाणी त्याच्याखाली उतरलं की कागदावर उणे टक्के मांडायला लागतात. आम्हा धरणकाठच्या माणसांचा हिशेब वेगळा असतो. उणे दहाला मोटारींचे पाइप वाढवायचे, उणे वीसला पुन्हा वाढवायचे. उणे तीस झालं की उसाकडं बघायचं सोडून द्यायचं. आणि उणे पन्नासला जुनं गाव दिसायला लागतं.

पळसदेवचं हेमाडपंती देऊळ असं पाण्याबाहेर आलं की पुण्याहून गाड्या भरून माणसं फोटो काढायला येतात. आमच्या गावात तसलं देऊळ नव्हतं. चार-पाचशे उंबऱ्याचं गाव, मारुतीचा ओटा, चावडी आणि नदीला काळ्या दगडाचा घाट. त्यामुळं आमचं गाव वर आलं तरी बघायला कोण येत नाही. आम्हीच जातो. कुणी आपल्या घराचं जोतं शोधतं, कुणी विहिरीचं कडं.

मी ह्या वेळेला गेलो ते मासा धरायला.

झालं असं, की माझा नातू सुट्टीला आला होता. पोरगा पुण्याकडं कंपनीत आहे, त्याचा हा मुलगा, सातवीतून आठवीत गेलेला. त्याला कसलंही मोजायचं वेड. पहिल्या आठवड्यात त्यानं आमच्या शिवारातल्या पाखरांची यादी केली. मग मला म्हणाला, "तात्या, तुम्ही आजवर गळाला किती जातीचे मासे धरलेत?"

म्हटलं, "लई."

"लई म्हणजे किती?"

वहीच काढली त्यानं. मी आठवून आठवून सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. राहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, चिलापी, मरळ, शिंगाडा, शिवडा, घोगऱ्या, कोळस. अकरा भरले. मग त्यानं विचारलं, "आणि वाम?"

वामचं नाव त्याला त्याच्या आजीकडून कळलं होतं. मी म्हटलं, "वाम न्हाई."

"एकदापण नाही?"

"एकदापण न्हाई."

त्यानं बारावा आकडा घातला, पुढं 'वाम' लिहिलं आणि कंसात प्रश्नचिन्ह काढलं. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या दृष्टीनं तो तिथं सुरू झाला.

वाम ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबट, सापासारखा मासा. तोंड पुढं निमुळतं, हत्तीच्या सोंडेची आठवण व्हावी असं. अंगाला खवलं असतात पण इतकी बारीक, की हाताला नुसतं बुळबुळीत लागतं. पाठीवर काट्यांची एक ओळ असते. हा काटा वाम खाली दाबून ठेवते, आणि तुम्ही मूठ आवळली की उभा करते. दिवसा दगडाच्या कपारीत नाहीतर वाळूत अंग पुरून पडायचं आणि दिवेलागणीला चरायला बाहेर निघायचं, असा तिचा धर्म. खायला गांडूळ, झिंगा, बारीक किडे. चवीला भीमेत तिच्या तोडीचा मासा नाही. एकच मधला काटा, बाकी सगळं लोण्यासारखं.

आमचे आबा वाम धरण्यात पटाईत होते. आम्ही जातीनं शेतकरी, मासेमारी आमचा धंदा नव्हे. पण नदीकाठच्या माणसाला गळ येतोच. आबा दिवसभर मळईत राबायचे आणि दिवस कलला की घाटाच्या खालच्या पायरीवर बसायचे. सुताची दोरी, एक गळ, वजनाला खडा. घाटाच्या खालच्या दोन पायऱ्यांच्या सांध्यात पाण्यानं पोकळी झाली होती, तिथं वाम असायच्या. मी दहा वर्षांचा असताना आबांनी एक चांगली हातभर वाम काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती पाठीकडनं आवळली. काटा तळव्यात घुसला, मी ओरडलो, वाम पायरीवर पडली आणि गेली पाण्यात. आबा रागावले नाहीत. धोतराच्या सोग्यानं माझा हात पुसला आणि म्हणाले, "वाम पाठीकडनं धरत न्हाईत. पोटाकडनं धरायची, आणि धरली असं तिला कळू द्यायचं न्हाई."

मी दहावीला बसलो १९७६ ला. जुनी अकरावी बंद होऊन दहावी नवीनच सुरू झाली होती. पास झालो आणि शिक्षण तिथंच थांबलं, कारण तोवर धरणाचं काम निम्म्यावर आलेलं होतं आणि घरात एकच विषय होता. १९८० ला धरण झालं. मळई गेली, घाट गेला, आम्ही वर माळावर गावठाणात आलो. हे सगळं ह्या पुस्तकात दुसरीकडं लिहिलं आहे, इथं परत नको. एवढंच सांगतो, की आबांनी त्यानंतर गळ हातात धरला नाही. समोर एवढा समुद्र झाला होता. मी जायचो, राहू काढायचो, चार-चार किलोचे. आबा खायचे, पण म्हणायचे, "ही नदी न्हवं. हे साठिवलेलं पाणी हाय."

१९९६ च्या हिवाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. जेवण तुटलं. एके दिवशी मला म्हणाले, "वाम मिळंल का रं?"

मी तीन संध्याकाळी पाण्यावर बसलो. एवढ्या अफाट पाण्यात वाम कुठं शोधायची? घाटावर चार-पाच पुरुष पाणी होतं. चौथ्या दिवशी सायकल काढली, भिगवणच्या बाजारात गेलो आणि वाम विकत घेतली. घरी कालवण केलं. आबांनी दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं बघत विचारलं, "कुठनं काढलीस?"

मी म्हटलं, "घाटाखालनं."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चांगली हाय." आणि आणखी एक घास घेतला.

घाटाखालनं! ज्या माणसानं त्या घाटाची पायरी न् पायरी पाण्यात जाताना बघितली, त्याला मी हे सांगितलं. त्यांना कळलं नसेल असं होणारच नाही. त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. तर नातवाच्या वहीतलं ते प्रश्नचिन्ह मला असं लागलं.

आदल्या संध्याकाळी गोठ्याच्या मोरीपाशी कुदळ मारली. एवढ्या उन्हाळ्यात गांडूळ तिथंच सापडतं. नातवानं डब्यात ओला पाचोळा घालून चाळीस-एक गोळा केली आणि अर्थातच मोजली. हिनं विचारलं, "कुठं निघालात उन्हाचं?" म्हटलं, "जुन्या गावाला." पुढं काही विचारलं नाही तिनं. भाकरी, ठेचा, दोन कांदे, वाटाण्याची उसळ बांधून दिली. पाण्याचे दोन मोठे थर्मास घेतले. धरणकाठचा माणूस धरणात जाताना घरून पाणी नेतो, ही आजची रीत. वरच्या अंगाच्या शहरांचं सगळं सांडपाणी भीमेनं आमच्याकडं येतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की हिरवं दाट होऊन वास मारतं. आबा ह्याच नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचे.

पहाटे पाचला निघालो. गावठाणापासून जुनं गाव साडेतीन किलोमीटर. निम्मी वाट गाळातून. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो पण मध्येच पाय घोट्यापर्यंत जातो. मी काठीनं चाचपत पुढं, नातू माझ्या पावलात पाऊल टाकत मागं. शिंपल्यांचा खच, फाटकी जाळी, थर्मोकोलचे तुकडे, चिंचेची काळी पडलेली बुडखं. आमच्या घराचं जोतं लागलं तेव्हा नातवाला म्हटलं, "हे आपलं घर." तो म्हणाला, "एवढंच?" खरं होतं त्याचं. मलाही ते दरवेळी लहान लहानच वाटत जातं.

घाटाच्या सतरा पायऱ्या उघड्या होत्या. शेवटच्या दोन-तीन पाण्यात. गाळानं निम्मा घाट बुजला होता पण खालच्या पायऱ्या पाण्यानं धुऊन ठेवल्यासारख्या होत्या. मी बूट काढले आणि आबा बसायचे तिथं बसलो. मनात म्हटलं, दोन तासांत काम होईल.

दोन तासांत अठरा चिलापी निघाल्या.

चिलापीबद्दल बोलायला लागलं की माझं तोंड कडू होतं, पण तिचं ऋणही आहे. मूळ आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला. पुढं तो सगळीकडं पसरला. आज ह्या काठावरची कितीतरी घरं चिलापीवर चालतात. दर कमी, पण मरण नाही तिला. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं झाली की तोंडातच सांभाळते. मी एकदा एक चिलापी काठावर काढली तर तिच्या तोंडातून बारीक पिल्लांची धारच लागली होती. त्या दिवशी मी ती तशीच पाण्यात सोडली होती. पण गांडूळ लावून वाम धरायला बसलेल्या माणसाला चिलापी म्हणजे शिक्षा. गळ तळाला टेकायच्या आत येऊन गिळायची. सोडली तर परत तीच येत असेल असा मला संशय.

नातवाला पहिल्या पाच-सहा चिलापींची मजा वाटली. त्यानं दोन स्वतः काढल्या. मग त्यानं विचारलं, "तात्या, वाम येणारच नसेल तर?"

"तर न्हाई यायची."

"मग आपण दुसरीकडं बसू या का? तिकडं पाणी जास्त आहे."

"न्हाई, इथंच."

त्याला कारण सांगता येईना. तो घाट चढून वर गेला आणि शिंपले वेचत बसला.

नऊनंतर चिलापीही बंद झाली. ऊन असं चढलं की दगड पोळायला लागला. गळ टाकून बसलेल्या माणसाला लोक रिकामटेकडा समजतात. बसून बघावं म्हणजे कळतं. तंगूस बोटावर धरलेला असतो आणि सगळा जीव त्या बोटाच्या पेरात येतो. लाट हलली, कळतं. झिंग्यानं गांडुळाला टोच मारली, कळतं. काहीच झालं नाही तर तेही कळत राहतं. दहा वाजले, अकरा वाजले. पलीकडच्या दलदलीत रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, तो उडाला आणि परत तिथंच बसला. मला आबांचं एवढ्या वर्षांत न आठवलेलं आठवायला लागलं. त्यांची तंबाखू चोळायची लकब. ते पाण्याशी कधी बोलायचे नाहीत, पण घाटावरून उठताना पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचे.

दुपारी सावली कुठंच नव्हती. मारुतीच्या ओट्याची एक भिंत कमरेएवढी उभी आहे, तिच्या आडोशाला आम्ही दोघं भाकरी खायला बसलो. नातू कंटाळला होता हे दिसत होतं. त्याच्या फोनला रेंज नव्हती. मी म्हटलं, "जायचं का घरी?" त्यानं विचारलं, "तुम्हाला जायचंय?" मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "मग थांबू."

तेवढ्यात पात्रातून होडी घेऊन आमचे भोईदादा आले. वयानं माझ्याहून थोरले, पण अजून रोज जाळं टाकतात. पुनर्वसनात आम्हाला काहीतरी जमीन तरी मिळाली, त्यांचं तर नदी हेच शेत होतं. त्यांनी होडी घाटाला लावली, बिडी पेटवली आणि म्हणाले, "पोराला नवा मासा दावतो," आणि जाळ्याच्या ढिगातून एक काळं ठिपक्यांचं प्रकरण पायरीवर टाकलं. अंग चिलखतासारखं टणक, पंख काटेरी, तोंड खालच्या बाजूला गोल, चिकटायला केल्यासारखं. नातवानं लगेच ओळखलं. शहरात लोक काचेच्या पेटीत शोभेला ठेवतात तो सकर मासा. मोठा झाला की कुणीतरी नदीत सोडून देतं, आणि तो इथं वाढतो.

"ह्याला कोण खात न्हाई, इकत न्हाई," भोईदादा म्हणाले. "काढाया गेलं तर जाळं फाटतंय. पूर्वी एखादा मिळायचा. आता बघावं तवा हायच."

नातू खूश. "तात्या, हा लिहू का बारावा?"

"तो माझ्या गळाला कुठं लागलाय?" मी म्हटलं. "लबाडीचा मासा वहीत नको." हे बोललो आणि माझं मलाच कसंसं झालं.

भोईदादांनी माझा गळ हातात घेऊन बघितला आणि हसले. "ह्या असल्या लटकत्या गळाला वाम येतीया व्हय? चिलापीला आवतण हाय हे. शिसं वाढव. गळ पार तळाला, दगडाच्या फटीला लागून पडला पायजेल. आन् दिवस बुडाल्याबिगर ती भायेर निघत न्हाई. तुझ्या बापाला ठावं हुतं, तुला कसं न्हाई?"

ठाऊक होतं. पण चाळीस वर्षं साठवलेल्या पाण्यात वरचे मासे धरून धरून मी ते विसरलो होतो. मी शिसं वाढवलं, तरंगायला लावलेला चिपाडाचा तुकडा काढून टाकला आणि जाडजूड गांडूळ गळाच्या टोकापर्यंत ओवलं. भोईदादा संध्याकाळी उशिरा परत ह्याच बाजूनं जाणार होते. म्हणाले, "अंधारात गाळातनं जाऊ नगा. मी होडीतनं सोडतो."

पाच, सहा, साडेसहा. पाणी तांबडं झालं. खालच्या पायरीच्या सांध्यात गळ पडला होता हे मला बोटाला कळत होतं, दगडाचा घास लागत होता. नातू माझ्या शेजारी येऊन बसला होता. काही विचारत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, "पणजोबा इथंच बसायचे का?" त्याला हे कुणी सांगितलं कोण जाणे. मी मान हलवली.

दिवस बुडून बराच वेळ झाला होता, समोरचा काठ दिसेनासा झाला होता, तेव्हा बोटाला टुक झालं. मग पुन्हा, टुक टुक. चिलापी अशी खात नाही, ती ओरबाडते. मी श्वास धरला. तंगूस हळूच जड झाला, पळाला नाही, नुसता जड झाला. मी झटका दिला आणि दुसऱ्याच क्षणाला सगळं घट्ट बसलं. वाम मागच्या मागं सरकून कपारीत शिरली होती. दगडाला अडकल्यासारखं झालं.

"ओढा ना तात्या!"

"वढायची न्हाई."

मी तंगूस ढिला सोडला. हे मात्र मी विसरलो नव्हतो. आबा म्हणायचे, तिला वाटू दे आपण सोडून दिलं. पाच मिनिटं गेली असतील, मला घटका गेल्यासारखी वाटली. पायाखालच्या पायरीचा दगड अजून कोमट होता. मग तंगूस आपोआप थोडा हलला, एकदा, दोनदा. मी न हिसकता, एका चालीनं उचलला आणि पाण्यातून पिळे घेत काहीतरी काळं वर आलं.

नातवानं बॅटरी मारली. वाम. फार मोठी नव्हती, दीड वीत असेल. अंगाचे वेढे तंगसाला घालत होती. मी टॉवेल पोटाखालनं घातला आणि धरली. तरी काटा लागलाच अंगठ्याला. रक्त आलं. मी तिच्याकडं बघत राहिलो. काय वाटायला पाहिजे होतं कुणास ठाऊक. मला एवढंच वाटलं, की हिच्या अंगाला गाळाचा वास येतोय, आबांच्या वामला यायचा नाही.

होडी आली. भोईदादांनी बॅटरीत वाम बघितली, म्हणाले, "हाय म्हणायची अजून," आणि वल्हं मारायला लागले. निघताना मी वाकून पायरीला हात लावला. नातवानं बघितलं आणि त्यानंही लावला.

घरी पोचायला नऊ झाले. हिनं राखेनं वाम चोळून साफ केली आणि कालवण टाकलं. ताटं वाढली. तेवढ्यात पोराचा फोन आला, नातवानं तो मोठ्या आवाजावर लावला. हिनं सांगितलं, "आज वाम केलीया."

"अरे वा," पोरगा पलीकडून म्हणाला. "भिगवणातनं आणली का? कितीला दिली?"

"पप्पा, विकत नाही!" नातू ओरडला. "तात्यांनी धरली. घाटाखालनं!"

"हो का," पोरगा हसला. त्याला ते खरं वाटलं नव्हतं हे आवाजावरून कळत होतं. "बरं बरं. घाटाखालनं."

नातू तावातावानं वही आणायला आत गेला. माझ्या ताटात हिनं मधला तुकडा वाढला. मी घास घेतला.

"कशी झालीया?" हिनं विचारलं.

म्हटलं, "चांगली हाय."